रेव्हरंड टिळक आणि आगगाडीतील सहप्रवासी

प्रवासात आपल्याशेजारी येऊन बसणारा मनुष्य कोण, कोठला, याची आपण सहसा फारशी चौकशी करीत नाही. दोन घटका बोलणे होते, स्टेशन येते, तो आपल्या वाटेने जातो आणि आपण आपल्या वाटेने. पुढे त्याचा चेहराही आठवत नाही. परंतु अशाच एका सहप्रवाशाच्या दोन घटकांच्या संभाषणामुळे मराठी भाषेतील एका मोठ्या कवीच्या आयुष्याला निराळे वळण लागले. तो कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. विद्यार्थी मित्रांना त्यांचे नाव क्रमिक पुस्तकांतील कवितांमुळे परिचित असते. बाण लागलेली पक्षीण पिलांसाठी चारा घेऊन घरट्याकडे कशी येते, हे सांगणारी त्यांची कविता वाचताना ज्याचे डोळे ओले झाले नाहीत असा मराठी विद्यार्थी विरळाच. फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्राने त्यांना गौरविले. पण त्या कवितांमागचे जीवन कसे होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. त्यांचा स्वभाव अत्यंत कडक व तापट होता. आई जानकीबाई मात्र हळव्या मनाच्या, देवभक्त आणि काव्याची आवड असलेल्या होत्या. मुलाच्या अंगी कवित्व आले ते आईकडून, आणि रागीटपणा आला तो वडिलांकडून, असे म्हणावयास हरकत नाही. नारायण अकरा वर्षांचा असतानाच आईचे छत्र हरपले. ज्या घरात माया करणारे माणूस उरले नाही ते घर त्याने सोडले आणि नाशिकची वाट धरली. तेथे विद्वान गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी राहून त्याने संस्कृताचे अध्ययन केले. काही काळ तो इंग्रजी शाळेतही गेला, परंतु दारिद्र्यामुळे रीतसर शिक्षण पुरे होऊ शकले नाही. जे काही ज्ञान पुढे त्यांच्यापाशी दिसते ते बहुतेक स्वतःच्या परिश्रमाने मिळविलेले आहे.

१८८० च्या सुमारास त्यांचा विवाह नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका या मुलीशी झाला. वधूचे वय त्या वेळी अकरा वर्षांच्या आसपास होते. हीच पुढे लक्ष्मीबाई टिळक या नावाने प्रसिद्ध पावली. माहेरी सोवळ्याओवळ्याचे प्रस्थ इतके होते की बाजारातून आणलेले धान्यच काय, मीठदेखील धुवून घेतले जाई. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख नव्हती. टिळकांनी त्यांना लिहावयास वाचावयास शिकविले. पण टिळकांचा स्वतःचा पाय एका ठिकाणी ठरत नसे. आज या गावी शिक्षक, उद्या त्या गावी पुराणिक, परवा आणखी कोठे, अशी त्यांची भ्रमंती चाले. हाती आलेला पैसा टिकत नसे, कारण कोणी गरजू समोर आला की तो त्याच्या हाती जाई. राग आला की भडका उडे आणि थोड्याच वेळात पश्चात्तापाने मन विरघळे. अशा पुरुषाचा संसार करणे हे सोपे काम नव्हते.

पुढे नागपूर येथे आप्पासाहेब बुटी या धनिकाच्या आश्रयाने टिळकांना संस्कृत ग्रंथांच्या अभ्यासाची संधी मिळाली. 'ऋषि' नावाचे एक मासिकही त्यांनी चालविले. या काळात एका विचाराने त्यांना ग्रासून टाकले होते. आपला देश परतंत्र, दरिद्री आणि जातिभेदाने शतखंड झालेला आहे. माणसाला माणसाशी जोडील अशी कोणती शक्ती आहे? जुन्या धर्मशास्त्रांत ती त्यांना सापडली नाही, म्हणून एखादा नवा धर्मच काढावा असेही त्यांच्या मनात घोळू लागले होते. ख्रिस्ती धर्माकडे मात्र त्यांचे लक्ष नव्हते. तो राज्यकर्त्यांचा, परक्यांचा धर्म, एवढीच त्यांची समजूत होती.

अशा मनःस्थितीत १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे निघाले. आगगाडीच्या डब्यात एक युरोपीय गृहस्थ अगोदरच बसलेला होता. त्या काळी गोऱ्या प्रवाशाकडून आपल्या लोकांना कशी वागणूक मिळे, हे इतिहासाच्या पुस्तकात आपण वाचतो. डब्यातून हाकलून देणे, सामान बाहेर फेकणे, हे प्रकार नित्याचे होते. टिळकांनीही त्याच अपेक्षेने आत पाऊल टाकले असले पाहिजे. परंतु त्या गृहस्थाने सौजन्याने त्यांना बसावयास जागा करून दिली. मग बोलणे सुरू झाले. विषय धर्माचा नव्हता, संस्कृत काव्याचा होता. ज्या विद्येचा टिळकांना अभिमान होता तिच्याविषयी त्या परक्या माणसाने आस्थेने विचारावे, आदराने ऐकावे, याचे त्यांना नवल वाटले आणि मनावरचा संकोच गळून पडला. त्यानंतर ओघाओघाने गोष्ट ईश्वराकडे आणि ख्रिस्ताकडे वळली. निरोप घेताना त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची एक प्रत भेट दिली, ती वाचण्याची विनंती केली, आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांना ते भाकीत हास्यास्पद वाटले. तरी ज्याने आपल्याशी माणुसकीने वर्तन केले त्याला दिलेला शब्द पाळावा, एवढ्यासाठी त्यांनी पुस्तक वाचावयास घेतले.

या प्रसंगात एक गोष्ट फार लक्षात घेण्यासारखी आहे. त्या गृहस्थाने प्रथम जागा दिली, नंतर कान दिले, आणि सर्वांच्या शेवटी पुस्तक दिले. हा क्रम उलटा असता तर ते पुस्तक बहुधा पुढच्या स्टेशनावरच राहिले असते. त्याचे नाव काय होते, हे इतिहासाला आज खात्रीने सांगता येत नाही. आपल्या बोलण्याचा पुढे काय परिणाम झाला, हे त्याला स्वतःला कधी समजले की नाही, कोण जाणे.

आरंभीची काही पाने टिळकांनी कर्तव्य म्हणून वाचली. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते येऊन पोहोचले आणि तेथेच खिळून राहिले. शत्रूवर प्रेम करा, उजव्या हाताने दिलेले दान डाव्या हातास कळू देऊ नका, जे निर्मळ अंतःकरणाचे ते धन्य, ही शिकवण ज्या प्रश्नांनी ते व्याकूळ झाले होते त्यांना थेट भिडली. पुढे त्यांनी पुष्कळ ग्रंथ वाचले, पत्रव्यवहार केला, स्वतःशी पुष्कळ वाद घातला. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या मंडळीत एका भारतीय पाळकाच्या हस्ते त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दोन वर्षांचे भाकीत खरे ठरले होते.

येथवरची कथा वाचून एखाद्यास वाटेल की सत्य सापडले, जीवन कृतार्थ झाले, आणि सर्व मंगल झाले. वस्तुस्थिती तशी नव्हती. टिळकांनी हे पाऊल उचलले तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ नव्हत्या आणि त्यांची संमतीही घेतलेली नव्हती. ती वार्ता त्यांच्या कानी आली तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. पती जिवंत, परंतु समाजाच्या दृष्टीने नाहीसा झालेला. कडेवर लहान मुलगा दत्तू. लोकांची बोलणी, नातलगांची लाज, आणि स्वतःच्या मनातील प्रेम व धर्म यांची ओढाताण. त्या दुःखाने त्या आजारी पडल्या. पंढरपूर येथे बहिणीच्या आश्रयाने त्यांना दिवस काढावे लागले. हा वियोग सुमारे साडेचार वर्षे चालला. त्या काळात त्यांनी आपले दुःख पद्यांतून व्यक्त केले. ज्या धर्माने टिळकांना प्रेमाची शिकवण दिली त्याच धर्माच्या स्वीकारामुळे त्यांच्या हातून सर्वांत जवळच्या माणसावर हा घाव बसला. चरित्रकाराने ही गोष्ट झाकून ठेवणे योग्य नव्हे. लक्ष्मीबाईंनी स्वतःही ती झाकलेली नाही.

या वियोगात टिळक अहमदनगर येथे राहून मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवीत होते. ते पत्नीला पत्रे लिहीत राहिले. कोणाच्याही सल्ल्याने दुसरा संसार थाटण्याचा विचार त्यांनी मनात आणला नाही. पुढे धीर करून लक्ष्मीबाई त्यांच्याकडे आल्या, त्या आपले सोवळे, आपले देव आणि आपले वेगळे पाणी घेऊन आल्या. आता टिळकांची खरी परीक्षा होती. वादविवादात त्यांना कोणी हरवू शकत नसे. त्यांनी मनात आणले असते तर अशिक्षित पत्नीला शब्दांनी निरुत्तर करणे त्यांना अवघड नव्हते. पण तापट म्हणून प्रसिद्ध असलेल्या या माणसाने या एका बाबतीत संयम पाळला. लक्ष्मीबाईंची चूल निराळी राहिली, त्यांच्या पाण्याला विटाळ होणार नाही याची व्यवस्था झाली, आणि धर्म बदलण्याचा आग्रह झाला नाही. घरात जे बोलणे होई ते संसारातील नेहमीचे बोलणे, आणि त्याच्या ओघात येईल तेवढेच धर्माचे.

पुढे जे घडले ते लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या विचाराने घडले. जातिभेद हा देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, हे त्यांना एके दिवशी स्वतःशी विचार करता करताच उमगले. मीठ धुवून घेणाऱ्या घरात वाढलेल्या त्या स्त्रीने त्यानंतर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास संकोच केला नाही. १९०० साली त्यांनी आणि मुलाने बाप्तिस्मा घेतला. आगगाडीतील त्या गृहस्थाने टिळकांशी जे वर्तन केले, तेच टिळकांनी अखेर आपल्या घरात केले. त्यांनी प्रथम जागा दिली. फरक इतकाच की तेथे दोन घटका पुरल्या, येथे वर्षे लागली. आणि ही वर्षे लागण्याचे एक कारण हेही होते की प्रथम घाईने त्यांनी पत्नीला मागे टाकले होते.

त्यानंतर राहुरी व नगर येथील त्यांचे घर हे सर्वांचे घर झाले. १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळात अनाथ झालेल्या मुलांना त्या घरात आसरा मिळाला. घरात पैसा नसे, धान्य बेताचे असे, पण आणखी एक तोंड आले म्हणून टिळकांनी कधी दार लावले नाही. त्यांच्या या औदार्याचा भार अर्थातच लक्ष्मीबाईंवर पडे. त्या रागावत, हसत, आणि पुन्हा चुलीवर भात चढवीत. नगरला प्लेगचा प्रादुर्भाव झाला तेव्हा आपली माणसेही रोग्याजवळ जावयास भीत. त्या दिवसांत लक्ष्मीबाई रोग्यांच्या छावणीत सेवेला उभ्या राहिल्या. ज्या स्त्रीने कधी परक्याचा स्पर्श सहन केला नव्हता तिच्या हातांनी परक्यांची शुश्रूषा झाली.

या घरातील पाहुण्यांपैकी एकाचे नाव तर प्रत्येक मराठी मुलाच्या ओठी असते. ते म्हणजे बालकवी ठोमरे. १९०७ साली जळगाव येथे कविसंमेलन भरले होते. त्यात सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाने आपली कविता म्हणून सर्वांस थक्क केले. टिळक त्या संमेलनास उपस्थित होते. पुढे त्यांनी या मुलाला आपल्या घरी ठेवून घेतले आणि टिळक दांपत्याने त्याच्यावर पोटच्या मुलाप्रमाणे माया केली. तो रुसे, निघून जाई, पुन्हा परत येई. टिळक त्याच्याशी कवितेवर तासन्‌तास बोलत. बालकवी शेवटपर्यंत हिंदूच राहिले आणि टिळकांचे प्रेमही शेवटपर्यंत तसेच राहिले. ज्यांना वाटते की ख्रिस्ती माणसाची दया ही केवळ धर्मांतराची पूर्वतयारी असते, त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. आणि ज्या ख्रिस्ती माणसाला वाटते की समोरच्याने धर्म स्वीकारला नाही तर आपले प्रेम वाया गेले, त्यानेही ते ध्यानात ठेवावे. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून बालकवींचा अंत झाला, तेव्हा टिळकांच्या घरातील एक मूलच गेले.

१९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून अखेरपर्यंत त्यांनी 'ज्ञानोदय' या जुन्या नियतकालिकाच्या मराठी भागाचे संपादन केले. परंतु त्यांचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे त्यांची भक्तिगीते. त्यांच्यापूर्वी मराठी ख्रिस्ती मंडळीत बरीचशी गीते इंग्रजी चालींवर, भाषांतरित शब्दांत गाइली जात. खेड्यातील माणसाला ती परकी वाटत. टिळकांनी अभंग, ओवी, भजन, कीर्तन ही आपल्या मातीतील साधने हाती घेतली. संत तुकारामांच्या वाणीवर त्यांची अपार श्रद्धा होती. तुकोबांच्या अभंगांचा पूल ओलांडूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. धर्म बदलला म्हणून मायभूमी, मायबोली आणि पूर्वजांचे संचित टाकून द्यावे, हे त्यांना कदापि मान्य नव्हते. त्यांची शंभराहून अधिक गीते मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेत रूढ झाली.

आम्हां गोमंतकीयांना या प्रयत्नात एक ओळखीची खूण दिसते. टिळकांच्या सुमारे तीनशे वर्षे आधी फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने आपल्या गोव्यात, सासष्टीच्या परिसरात राहून, येथील लोकांची भाषा शिकून घेतली आणि मराठी ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली छापून प्रसिद्ध झाले. परक्या देशातून आलेल्या त्या माणसाने प्रथम येथील शब्दांचे सौंदर्य जाणले, त्यावर प्रेम केले, मग त्या शब्दांत आपली श्रद्धा सांगितली. त्याच गोव्यात त्या काळी देवळे पाडली गेली आणि सक्तीही झाली, हे आपण विसरू शकत नाही. त्या सक्तीची आठवण आजही कटू आहे. ओव्यांची आठवण मात्र गोड राहिली आहे. टिळकांनीही ख्रिस्ताचे जीवन ओवीबद्ध करण्याचे ठरवून 'ख्रिस्तायन' लिहावयास घेतले. ते त्यांच्या हातून अपुरे राहिले. पुढे लक्ष्मीबाईंनी ते काम हाती घेऊन पुढे नेले. जिला टिळकांनी अक्षरे गिरवावयास शिकविली होती तिनेच त्यांचे महाकाव्य पुढे चालवावे, यापरते गुरुदक्षिणेचे उदाहरण कोणते?

वय झाले तरी टिळकांच्या मनातील मूळ प्रश्न शांत झाला नव्हता. माणसाला माणसाशी जोडणारी शक्ती त्यांना ख्रिस्ताच्या ठायी सापडली होती, पण ख्रिस्ती मंडळीच एक निराळी जात होऊन बसली की काय, अशी शंका त्यांना छळू लागली. परकीय मिशनरी वर आणि देशी माणूस खाली, ही रचना त्यांना सलत होती. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, एक प्रकारचा संन्यास पत्करला आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' नावाचा बंधुसंघ स्थापन केला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, अशा दोहोंनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून स्थान होते. कोणाची जात, कोणाचा देश, कोणाची मंडळी, याचा तेथे भेद नव्हता. हा प्रयोग वाढावयास त्यांना आयुष्य पुरले नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबई येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' या नावाने आपल्या आठवणी लिहिल्या. त्यांचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. मराठी आत्मचरित्रांत त्या ग्रंथाचे स्थान फार वरचे आहे. त्यात टिळकांचे देवत्व रंगविलेले नाही. त्यांचा राग, त्यांचा विसराळूपणा, त्यांनी दिलेले दुःख, आणि त्यांचे अथांग प्रेम, सर्व काही हसतखेळत सांगितले आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी तो ग्रंथ वाचनालयातून घेऊन अवश्य वाचावा. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनाही तो वाचून दाखवावा.

टिळकांच्या चरित्रापासून कोणी काय घ्यावे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे. आमच्या वर्गांत हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान अशी सर्व मुले एका बाकावर बसतात, आणि प्रत्येकाच्या घरी त्याच्या त्याच्या श्रद्धेचा दिवा तेवतो. आपली श्रद्धा दुसऱ्याला सांगावी असे ज्याला मनापासून वाटते त्याने ती खुशाल सांगावी. तसे करताना टिळकांच्या आयुष्यातील दोन चित्रे मात्र त्याने डोळ्यांपुढे ठेवावीत. एका चित्रात पंढरपूरला मूल उराशी धरून रडणारी लक्ष्मी आहे, जिला कोणी काही विचारले नाही. दुसऱ्या चित्रात आगगाडीच्या बाकावर थोडे सरकून बसलेला एक अनोळखी प्रवासी आहे, जो आधी संस्कृत काव्याविषयी ऐकून घेतो आहे. टिळक आयुष्यभर पहिल्याची भरपाई करीत राहिले आणि दुसऱ्याचे ऋण फेडीत राहिले.

त्या प्रवाशाचे नाव आपल्याला ठाऊक नाही. त्याने दिलेली जागा मात्र आपल्यालाही देता येण्यासारखी आहे. उद्या शाळेच्या बसमध्ये कोणी नवखा मुलगा उभा दिसला, तर थोडे सरकून त्याला बसावयास सांगावे आणि त्याला काय आवडते ते विचारावे.